प्राचीन ग्रीकांचे कायदे आणि लोकशाहीचा उगम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लोकशाहीचा जन्म ग्रीसमध्ये झाला’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकात येते आणि धडा पुढे सरकतो. वाक्य खरेच आहे, पण त्यात मुख्य गोष्ट राहून जाते. ग्रीकांनी आधी सत्ताधाऱ्याचे हात बांधणारा कायदा लिहिला. लोकांच्या हाती सत्ता आली ती त्यानंतर, टप्प्याटप्प्याने आणि पुष्कळ भांडणांनंतर. हा क्रम ध्यानात घेतला तर अथेन्सच्या पुष्कळ चमत्कारिक वाटणाऱ्या प्रथांचा अर्थ लागतो.

ग्रीकांचा सर्वांत जुना लेखी कायदा कोणता?

आज मूळ दगडावर वाचता येणाऱ्या कायद्यांपैकी सर्वांत जुना मानला जातो तो क्रीट बेटावरच्या ड्रेरोस या छोट्या नगरराज्याचा. काळ इ.स.पू. सातव्या शतकाचा उत्तरार्ध. ‘नगराने असे ठरवले आहे’ अशी त्याची सुरुवात आहे. राजाचे नाव नाही, देवाची आज्ञा नाही; ठरवणारे नगर आहे.

नगराने ठरवले काय? ‘कोस्मोस’ हा तिथला मुख्य अधिकारी. एकदा कोस्मोस झालेल्या माणसाने पुढची दहा वर्षे पुन्हा कोस्मोस व्हायचे नाही. तरीही झालाच, तर त्याने दिलेल्या निवाड्यांत जो दंड असेल त्याच्या दुप्पट त्याने स्वतः भरायचा, जन्मभर त्याला कुठलेही पद मिळायचे नाही आणि त्या काळात त्याने जे केले असेल ते सगळे रद्दबातल. एवढ्याशा गावाने अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हा कायदा केला आणि त्यात चोराला किंवा कर्जबुडव्याला हात घातलेला नाही. खुर्चीला चिकटून राहणाऱ्याला घातला आहे.

कायदा तोंडी असण्यात अडचण काय होती?

निवाडा देणारे बडे घराण्यातले आणि रूढी काय आहे हे सांगणारेही तेच. हेसिअड हा कवी इ.स.पू. 700 च्या आसपासचा, शेती करणारा. वडिलांच्या जमिनीवरून त्याचे भावाशी, पर्सेसशी, भांडण झाले, तेव्हा निवाडा करणाऱ्या सरदारांना त्याने ‘नजराणे गिळणारे’ म्हटले. ही तक्रार किती जणांची असेल याची कल्पना करता येते.

त्याच सुमाराला ग्रीकांनी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून वर्णमाला घेऊन तिच्यात स्वरांची भर घातली होती. अक्षरे मोजकी, त्यामुळे लिहिणे-वाचणे राजाच्या कारकुनांपुरते राहिले नाही. मंदिराच्या भिंतीवर कोरलेला नियम कोणीतरी वाचून दाखवू शकत होता आणि मग निवाडा देणाऱ्याला ‘आमच्यात असे चालत नाही’ म्हणून सुटता येत नव्हते.

लेखी कायद्यांची पहिली संहिता दक्षिण इटलीतल्या लोक्री या ग्रीक वसाहतीत झाल्यूकस याने केली अशी परंपरा आहे. डेमॉस्थेनिस हा वक्ता लोक्रीची एक प्रथा सांगतो. नवा कायदा सुचवणाऱ्याने गळ्यात फास अडकवून बोलायला उभे राहायचे. सूचना फेटाळली गेली तर फास आवळायचा. दोनशेहून अधिक वर्षांत तिथे एकच नवा कायदा झाला म्हणे, तोही एका एकाक्ष माणसाने सुचवलेला. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हा तिथला नियम. शत्रू त्याला धमकावत होता की तुझा उरलेला डोळा मी फोडतो, माझा एक जाईल तर जाऊ दे. तेव्हा एकाक्षाचा डोळा फोडणाऱ्याचे दोन्ही डोळे जावेत असे ठरले. कथेत पदरचे किती घातले असेल ते असो. कायदा सहजासहजी बदलू नये ही ग्रीकांची ओढ तिच्यात दिसते.

ड्रेकोचे कायदे खरेच रक्ताने लिहिलेले होते का?

‘ड्रेकोचे कायदे रक्ताने लिहिलेले’ हे वाक्य ड्रेकोनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी झालेल्या डेमाडीस या वक्त्याचे. ड्रेकोने अथेन्ससाठी कायदे केले ते इ.स.पू. 621 च्या सुमारास, आणि बहुतेक गुन्ह्यांना मृत्युदंड ठेवल्यामुळे त्याचे नाव कठोरपणाशी कायमचे जोडले गेले. पण त्याचा मनुष्यवधाचा कायदा टिकला. इ.स.पू. 409-408 मध्ये अथेन्सने तो पुन्हा दगडावर कोरून लावला, तो दगड आज उपलब्ध आहे आणि त्यातून दिसणारा ड्रेको निराळा आहे.

हेतू नसताना कोणाच्या हातून खून झाला, तर शिक्षा हद्दपारीची. मृताचे वडील, भाऊ आणि मुलगे यांनी सर्वांनी मिळून माफी दिली तर माणूस परत येऊ शकतो. एकानेही नकार दिला तर नाही. जवळचे कोणीच नसेल तर अधिकार चुलत भावंडांकडे जातो. तेही नसतील आणि निवाडा करणाऱ्या एक्कावन्न जणांनी खून अजाणता झाल्याचे ठरवले असेल, तर मृताच्या भाऊबंदांतल्या दहा जणांनी ठरवायचे. पुढे आणखी एक कलम आहे: हद्दपार माणूस सीमेवरचे बाजार, खेळ आणि यात्रा टाळून राहत असेल आणि तरीही त्याला कोणी मारले, तर मारणाऱ्यावर अथेन्सच्या नागरिकाला मारल्याचाच आरोप ठेवायचा.

खुनाचा बदला खुनाने ही तोवरची रीत होती. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वैर थांबवण्यासाठी हेतू आणि अपघात यांत फरक करणे, सूड घेणाऱ्यालाही मर्यादा घालणे, हे ड्रेकोचे खरे काम. पुढे सोलनने त्याचे बाकी सगळे कायदे रद्द केले, पण हा ठेवला.

सोलनने नेमके काय बदलले?

सोलन इ.स.पू. 594 मध्ये अथेन्सचा मुख्य अधिकारी, म्हणजे आर्कन झाला. त्या वेळी ॲटिका प्रदेशातला छोटा शेतकरी कर्जात बुडाला होता. कर्जाला तारण म्हणून स्वतःचे शरीर द्यावे लागे. कर्ज फिटले नाही तर तो, त्याची बायकामुले, सगळीच गुलाम. काही जण परदेशात विकले गेले होते. गहाण जमिनीत दगड रोवलेले असत.

सोलनने ते दगड उपटून टाकले. ही कर्जे रद्द झाली, विकल्या गेलेल्यांपैकी ज्यांना आणता आले त्यांना परत आणले गेले आणि यापुढे माणसाचे शरीर तारण घ्यायचे नाही असा कायदा झाला. सोलन कवीही होता. ‘काळी माती आधी दासी होती, आता मोकळी झाली’ असे त्याने आपल्या कवितेत म्हटले आहे आणि साक्षीला पृथ्वीमातेलाच बोलावले आहे. कर्जमाफी हा शब्द ज्यांनी घरात ऐकला आहे, त्यांना त्या ओळीसाठी तळटीप लागणार नाही.

गरिबांना हवी होती तशी जमिनीची फेरवाटणी मात्र त्याने केली नाही. उत्पन्नावरून चार वर्ग केले, सर्वांत वरच्या वर्गात जायला वर्षाकाठी 500 मापे धान्य, तेल वा मद्य हवे. वरची पदे वरच्या वर्गांना. सर्वांत खालच्या वर्गाला जनसभेत आणि न्यायालयात बसण्याचा हक्क. जन्माच्या जागी पैसा आला, एवढेच म्हणावे तर तेही खोटे नाही. पण ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात सोलनच्या लोकाभिमुख गोष्टी म्हणून तीनच मोजल्या आहेत: शरीर तारण घेण्यावर बंदी, अन्याय झालेल्याच्या वतीने कोणाही नागरिकाला फिर्याद करण्याची मुभा आणि अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध लोकन्यायालयात दाद. मला या तिन्हींत दुसरी सर्वांत धाडसी वाटते. दुबळ्याला स्वतः उभे राहता आले नाही तरी शेजारचा उभा राहू शकतो, ही तरतूद एका समाजाला समाज बनवते.

कायदे फिरत्या लाकडी चौकटींवर लिहून सर्वांना दिसतील असे ठेवले. मग आपल्या मागे लोकांनी ते बदलू नयेत म्हणून सोलन दहा वर्षे देशाबाहेर निघून गेला.

मग लोकशाहीचा जनक सोलन की क्लिस्थेनिस?

एकाच्या नावावर ती करू नये, पण वळण आले ते क्लिस्थेनिसच्या वेळी. मधल्या काळात पिसिस्ट्रेटस आणि त्याच्या मुलांची हुकूमशाही होऊन गेली; ती इ.स.पू. 510 मध्ये स्पार्टाच्या मदतीने उलथली. नंतर क्लिस्थेनिस आणि इसागोरस या दोन सरदारांत सत्तेसाठी जुंपली. हरू लागल्यावर क्लिस्थेनिसने सामान्य लोकांना आपल्या बाजूला घेतले. इसागोरसने स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस याला बोलावले. राजा सैन्य घेऊन आला, 700 कुटुंबे हद्दपार केली आणि अथेन्सचे कारभारी मंडळ बरखास्त करायला निघाला.

तेव्हा मंडळाने नकार दिला आणि लोक रस्त्यावर आले. राजा आणि इसागोरस ॲक्रोपोलिसवर, म्हणजे शहराच्या मधल्या टेकडीवरच्या किल्ल्यात, अडकले, दोन दिवस वेढा पडला आणि तिसऱ्या दिवशी स्पार्टाचे सैन्य तह करून निघून गेले. क्लिस्थेनिस त्या वेळी शहरात नव्हता. लोकांनी त्याला नंतर परत बोलावले. म्हणून मी म्हणेन की इ.स.पू. 508-507 चा मान आधी त्या बिननावाच्या जमावाला द्यावा.

परतल्यावर त्याने जे केले ते मात्र असामान्य बुद्धीचे होते. ॲटिकाची 139 गावे-वस्त्या, म्हणजे ‘डीम’, हा पाया धरला. त्यांचे शहर, किनारा आणि अंतर्भाग असे तीन भाग पाडले आणि प्रत्येक भागातला एकेक तुकडा घेऊन दहा नव्या जमाती बनवल्या. म्हणजे एका जमातीत शहरातला कारागीर, किनाऱ्यावरचा कोळी आणि डोंगराकडचा शेतकरी एकत्र आले. युद्धातही ते एकाच तुकडीत उभे राहत. ज्या घराण्यांचे आपापल्या भागावर वजन होते, ते वजनच फुटले. प्रत्येक जमातीतून 50 असे पाचशे जणांचे मंडळ, ‘बुले’, तयार झाले.

गरिबांचे वजन नक्की केव्हा वाढले?

जहाजांमुळे. इ.स.पू. 483 च्या सुमारास लॉरिअनच्या खाणीत चांदी सापडली. ती नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याने तिच्यातून लढाऊ गलबते बांधायला लावली. एका गलबताला 170 वल्हेकरी लागत आणि वल्ही मारणारे बहुतेक जमीन नसलेले. इ.स.पू. 480 मध्ये सॅलमिस बेटाजवळ पर्शियन आरमार त्यांनीच हरवले. ज्याच्या खांद्यावर शहर वाचले त्याला गप्प बसवणे पुढे कठीण झाले. इ.स.पू. 462 मध्ये एफिॲल्टीसने बड्या घराण्यांच्या अरिओपॅगस मंडळाचे बहुतेक अधिकार काढले. त्याचा लवकरच खून झाला, पण अधिकार परत गेले नाहीत.

जनसभेचे कामकाज कसे चाले?

निक्स टेकडीवर, उघड्यावर. चौथ्या शतकात वर्षाला निदान चाळीस बैठका होत. बुलेने विषयपत्रिका तयार करायची, दवंडीवाल्याने ‘कोणाला बोलायचे आहे?’ असे विचारायचे आणि हात वर करून मते. काही निर्णयांना 6000 जणांची उपस्थिती लागे. लोक बाजारात रेंगाळत राहिले तर रंगात बुडवलेला दोर ताणून त्यांना टेकडीकडे रेटत; कपड्याला लाल डाग म्हणजे उशीर केल्याची खूण. पुढे उपस्थितीचा भत्ता सुरू झाला, कारण रोजंदारी बुडवून येणे गरिबाला परवडत नव्हते.

अधिकारी निवडून देण्याऐवजी चिठ्ठ्या का टाकत?

निवडणुकीत नामवंत, श्रीमंत आणि चांगले बोलणारे जिंकतात हे त्यांनी ओळखले होते. ॲरिस्टॉटल तर स्पष्ट म्हणतो की चिठ्ठी ही लोकशाहीची पद्धत आणि निवडणूक मूठभरांच्या राज्याची. सेनापती मात्र निवडून देत, कारण तिथे कौशल्य लागते. अथेन्सचा नामवंत नेता पेरिक्लिस सलग पंधरा वर्षे निवडून आला तो सेनापती म्हणून.

बुलेचे सदस्यत्व चिठ्ठीने, एका वर्षापुरते, आयुष्यात फार तर दोनदा. बुलेतले दहा जमातींचे पन्नास-पन्नासांचे गट आळीपाळीने वर्षाच्या दहाव्या हिश्श्यात कारभार पाहत आणि त्यांतल्या एकाला रोज चिठ्ठीने अध्यक्ष करत. एक रात्र आणि एक दिवस खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर त्याच्याकडे. पुन्हा ही संधी त्याला कधीच नाही. पद हाती घेण्याआधी पात्रतेची तपासणी आणि सोडताना हिशेबाची. ड्रेरोसच्या त्या दगडावरचा विचार इथे पूर्ण व्यवस्था होऊन उभा राहिलेला दिसतो.

न्यायालयात न्यायाधीश नसत हे खरे का?

खरे आहे. तीस वर्षांवरचे नागरिक पंच म्हणून बसत, खासगी दाव्याला 201 किंवा 401, मोठ्या खटल्याला 501 आणि त्याहून अधिकही. वकील नसत, ज्याने त्याने स्वतः बोलायचे. भाषण मात्र पैसे देऊन लिहून घेता येई.

चौथ्या शतकातली पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पंचाकडे नाव, वडिलांचे नाव आणि डीम कोरलेली छोटी पट्टी असे. ती दगडी यंत्राच्या खाचेत खोचत. यंत्राच्या बाजूच्या नळीत काळे-पांढरे गोटे टाकलेले. पांढरा गोटा बाहेर पडला की ती आडवी रांग निवडली गेली, काळा पडला की ती रांग घरी. हे सगळे त्याच सकाळी, त्यामुळे आदल्या रात्री लाच कोणाला द्यावी हेच कळत नसे. बोलण्याचा वेळ पाण्याच्या घड्याने मोजत. मत द्यायला काशाच्या दोन चकत्या, एकीचा आस पोकळ, दुसरीचा भरीव. आसाची टोके अंगठा आणि बोटात धरली की कोणती टाकली हे शेजाऱ्यालाही दिसत नसे.

खापरावर नाव लिहून हद्दपार करणे हा अन्याय नव्हता का?

ज्याला घालवायचे त्याचे नाव नागरिक मडक्याच्या तुकड्यावर लिहीत. आरोप नाही, बचाव नाही, तरी दहा वर्षे बाहेर. आजच्या नजरेला हे खटकणारच. पण जायचे त्याची मालमत्ता त्याचीच राहायची आणि परतल्यावर नागरिकत्वही. एखादा माणूस फार मोठा होऊन हुकूमशहा बनू नये यासाठी रक्त न सांडता काढलेली ही वाट होती. पहिला प्रयोग इ.स.पू. 487 मध्ये झाला. एकूण 6000 खापरे पडावी लागत.

गैरवापरही होई. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिसचे नाव असलेली सुमारे 190 खापरे सापडली, आणि अक्षर पाहता ती अवघ्या चौदा हातांनी लिहिलेली. कोणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवली होती.

स्त्रिया आणि गुलामांना वगळलेल्या व्यवस्थेला लोकशाही का म्हणायचे?

हा प्रश्न मनापासून विचारला पाहिजे आणि उत्तर गुळमुळीत देऊ नये. जनसभेत स्त्री नव्हती, गुलाम नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहून कर भरणारा परदेशीही नव्हता. इ.स.पू. 451 मध्ये पेरिक्लिसच्या कायद्याने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, असे ठरले. ज्या चांदीने सॅलमिसची गलबते बांधली ती लॉरिअनच्या भुयारांत गुलामांनी खणलेली होती. सभेत शिस्त राखणारे सिथियन धनुर्धारी सरकारी गुलाम होते.

सोलनने नागरिकाला गुलामीतून सोडवले, पण त्या जागी कामाला परदेशी गुलाम आणले गेले. एकाचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्याची गुलामी तिथे बरोबरीने वाढली. तरीही जमीन नसलेल्या, हातावर पोट असलेल्या माणसाचे मत सरदाराच्या मताइतकेच मोजले गेले, हे त्याआधीच्या जगात दुर्मीळ होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी झाकू नये.

बहुमताने भयंकर निर्णय घेतले नाहीत का?

घेतले. इ.स.पू. 427 मध्ये अथेन्सच्या मित्रराज्यांपैकी मिटिलीनी या नगराने बंड केले, तेव्हा सभेने तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारायचे आणि बायकामुलांना गुलाम करायचे ठरवले. हुकूम घेऊन गलबत निघाले. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्याच निर्णयाची भीती वाटली, पुन्हा सभा झाली आणि थोड्या मतांनी निर्णय फिरला. दुसरे गलबत मागून सोडले. वल्हेकरी मद्य-तेलात मळलेले जवाचे पीठ वल्ही मारता मारता खात होते, झोपही पाळीपाळीने. पहिला हुकूम वाचून झाला होता आणि अंमल सुरू व्हायचा होता, तेव्हा ते पोहोचले. बंडाचे पुढारी मात्र मारले गेलेच.

इ.स.पू. 406 मध्ये वेळ टळली नाही. अर्गिनुसीची आरमारी लढाई जिंकलेल्या आठ सेनापतींवर, बुडणाऱ्यांना वाचवले नाही म्हणून, एकाच मतदानात खटला चालवला. हाती असलेल्या सहांना मृत्युदंड झाला. प्रत्येकाचा खटला वेगळा हवा, हे बेकायदा आहे, असे म्हणून अध्यक्षमंडळात अखेरपर्यंत अडून बसला तो सॉक्रेटिस. सात वर्षांनी त्यालाही लोकन्यायालयानेच मृत्युदंड दिला.

पण अथेन्स यातून काही शिकले. ‘तीस जुलमी’ म्हणून ओळखली जाणारी मूठभरांची राजवट पडून इ.स.पू. 403 मध्ये लोकशाही परतली, तेव्हा जुन्या कायद्यांची फेरतपासणी करून ते कोरले गेले, अलिखित कायदा कोणी अधिकाऱ्याने वापरू नये असे ठरले आणि सभेचा ठराव कायद्यापेक्षा वरचढ नाही हे तत्त्व पक्के झाले. कायद्याशी विसंगत ठराव मांडणाऱ्यावर खटला भरता येई, तो ठराव मंजूर झाला असला तरी. लोकांनी आधी सरदारांचे हात बांधले होते. आता स्वतःचे बांधले.

भारतात याआधीच गणराज्ये होती ना?

वज्जी, मल्ल, शाक्य अशी गणराज्ये होती आणि बौद्ध साहित्यात त्यांच्या सभांची वर्णने आहेत; सत्ता बहुधा क्षत्रिय कुळांच्या प्रमुखांकडे. बौद्ध संघाचे मतदानाचे आणि ठरावाचे नियम तर फार तपशीलवार होते. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात याची आठवण करून दिली. पहिला कोण, ही शर्यत लावण्यात मला अर्थ वाटत नाही.

अथेन्सशी आपला एक खरा धागा मात्र आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याचा आधार घेतला. सांविधानिक नैतिकता सगळ्या समाजात रुजल्याशिवाय मुक्त आणि शांततामय राज्य चालत नाही, असे ग्रोट म्हणतो, आणि हा विचार त्याने मांडला आहे तो क्लिस्थेनिसच्या अथेन्सबद्दल लिहिताना. ही नैतिकता आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते, आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे सांगून बाबासाहेबांनी प्रशासनाचे बारीकसारीक तपशीलही संविधानात का घातले याचे कारण दिले.

स्पार्टातही लोकशाही होती का?

नाही म्हणणेच बरोबर. दोन राजे, साठीच्या पुढच्या 28 ज्येष्ठांचे मंडळ आणि दरवर्षी निवडलेले पाच एफोर, म्हणजे देखरेख करणारे अधिकारी. सभा होती, पण मत आरोळीच्या जोरावर ठरे.

अथेन्सची लोकशाही संपली केव्हा?

इ.स.पू. 322 मध्ये मॅसिडोनियाविरुद्धचे युद्ध हरल्यावर तिथला सेनापती अँटिपेटर याने अथेन्समधल्या 2000 ड्राख्मांची मालमत्ता नसलेल्यांचे राजकीय हक्क काढून घेतले. नंतर ती अधूनमधून परतली, पण पूर्वीची राहिली नाही.

ही माहिती मिळते कुठून, आणि यातले काय प्रत्यक्ष पाहता येते?

शिलालेख, वक्त्यांची भाषणे, हिरोडोटस आणि थ्युसिडिडीस यांचे इतिहास. ‘अथेन्सची राज्यघटना’ शतकानुशतके हरवलेलीच होती. इजिप्तमधल्या एका शेताच्या जमाखर्चाच्या पपायरसवर, मागच्या कोऱ्या बाजूला, कोणीतरी ती उतरवून घेतली होती. ती 1891 मध्ये प्रसिद्ध झाली आणि चिठ्ठ्या, पंच, भत्ते यांचे किती तरी तपशील तिथूनच मिळाले.

अथेन्सला गेलात तर जुन्या अगोरातले, म्हणजे बाजारचौकातले, संग्रहालय चुकवू नका. पंच निवडायचे दगडी यंत्र, नावांची खापरे, काशाच्या चकत्या तिथे आहेत. ड्रेकोच्या कायद्याचा दगड शिलालेख संग्रहालयात आहे. निक्सवर खडकात कोरलेला वक्त्याचा चौथरा आजही दिसतो आणि तिथून ॲक्रोपोलिस थेट समोर येतो. क्रीटला जाणे जमले तर गॉर्टिनची भिंत पाहा: इ.स.पू. पाचव्या शतकातला वारसा, विवाह, दत्तक यांचा कायदा, बारा स्तंभांत, एक ओळ डावीकडून तर पुढची उजवीकडून.